तीनशे दोन, तीनशे शहात्तर, चारशे एकवीस

सोनई, ता. नेवासा
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय बहीण कृपा हिस,

शांतवनदादाचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही इकडे देवाच्या कृपेने खुशाल आहोत. तुझी खुशाली कळवत जा. देवाची कृपा रोज भेटते, तुझी मात्र नाताळाच्या कार्डापुरतीच.

पत्र बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. मोबाईल खिशात असून हा माणूस पोस्टात का गेला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू "हं", "बरं", "ठेवते" या तीन शब्दांत मला गुंडाळतेस. पत्राला मधेच "ठेवते" म्हणता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

मे महिन्यात मी शाळेतून निवृत्त झालो. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घरात आता चार घड्याळं आहेत आणि वेळच वेळ आहे. सिल्व्हियाचा गुडघा पुन्हा सुजलाय. डॉक्टर जिना चढू नका म्हणतात, आणि ही बाई गच्चीवर पापड वाळत घालते. तिला तू नर्स म्हणून चार शब्द सुनाव, नवऱ्याचं ती ऐकत नाही. सप्टेंबरातल्या पावसाने कांद्याचं रोप सडलं, दुसऱ्यांदा टाकलंय. तुझ्या मिरजेला म्हणे पाण्याची अडचण आहे. असं कसं गं, नदीकाठी राहून?

आता मुद्द्याचं. आपल्या गावच्या देवळाला, आता सगळे चर्चच म्हणतात, यंदा शंभर वर्षं होतात. ३० नोव्हेंबरला, रविवारी, मोठा कार्यक्रम आहे. नवे पाळकसाहेब नोहा म्हणून आहेत, वय असेल एकतीस-बत्तीस. भला मुलगा आहे, पण त्याला सगळं नवं करायची घाई. वेदीशेजारी मोठा टीव्ही बसवलाय. गीताचे शब्द त्यावरच येतात, त्यामुळे पुस्तकं कुणी उघडत नाही आणि आकड्यांची फळी कुणी बघत नाही. बाबा दर शनिवारी ज्या फळीवर टिनाचे आकडे टांगायचे तीच फळी. तीन ओळी, तीन गीतं. पाळकसाहेब म्हणाले, "सर, ही तुमच्या वडिलांची आठवण. तुम्हीच घेऊन जा." मी टेम्पोत घालून घरी आणली.

तुला आठवतं का गं, आपण त्या आकड्यांचं काय करायचो? उपदेश लांबला की मी पुरुषांच्या बाकांवरून आणि तू बायकांच्या बाजूने त्या फळीकडे बघायचो. तीन गीतांचे क्रमांक सलग वाचले की नऊ आकडी संख्या व्हायची. ती फोडायची. म्हणजे तिला कशाने पूर्ण भाग जातो ते शोधायचं, तेही कागदाशिवाय. ज्याला सापडेल त्याने तेवढी बोटं, दहाच्या पुढे गेलं तर एकेक अंक करून, गीतांच्या पुस्तकावर उभी धरायची, आणि हरलेल्याने कबूल म्हणून कानाला हात लावायचा. तो हात लागेपर्यंत बोटं खाली घ्यायची नाहीत, हा तुझा कायदा. एकदा मी मुद्दाम छतावरच्या चिमण्या मोजत बसलो, आणि तू आशीर्वादापर्यंत सात बोटं धरून बसलीस.

तू अकरा वर्षांची असताना शोधून काढलेली युक्ती मी पुढे पस्तीस वर्षं वर्गात शिकवली. पहिलं आणि तिसरं गीत मिळवा, त्यातून दुसरं वजा करा. उरलेल्याला सात, अकरा किंवा तेराने भाग गेला तर अख्ख्या संख्येलाही जातो. तिन्हींची बेरीज करा, तिला सदतीसने गेला तर संख्येलाही जातो. मुलं तोंडात बोट घालायची.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे, ३०२, ३७६, ४२१ या आकड्याची गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर गेली आहे. स्मरणिकेत ती छापायची म्हणतात, आणि माझा सत्कारही ठरवलाय. मी नको म्हणालो. फार जोरात म्हणालो नाही.

तू ये. तीस तारखेला ये. सिल्व्हियाला, सगळ्यांना भेटशील. चार दिवस राहा.

तुझा दादा,
शांतवन

ता. क. — फळी पुसताना मागच्या बाजूला पेन्सिलीने कुणीतरी काहीबाही लिहिलेलं दिसलं. फार जुनं आहे. अक्षर लागत नाही.


सोनई
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय कृपा,

सलाम.

अक्षर लागत नाही हे मी खोटं लिहिलं. अक्षर तुझं आहे, आणि पहिल्या नजरेत लागलं.

परवा तुझा सिल्व्हियाला फोन आला. येणं जमणार नाही म्हणालीस. आणि ठेवता ठेवता, "दादाचं पत्र मिळालं म्हणून सांग." एवढंच. मी समोरच बसलो होतो, तिने फोन माझ्याकडे केला तेव्हा मी हाताने नको म्हणालो. माझं धाडस हे असं आहे. लहानपणापासून तू ओळखतेस.

तर आता जे लिहायचं ते लिहितो. यातलं निम्मं तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, पण आजवर ते मी माझ्या तोंडाने म्हटलेलं नाही.

चौऱ्याऐंशीचा जानेवारी. हंगामाचा सण होता. नगरहून स्टीफन सर आले होते, कॉलेजात गणित शिकवणारे, बाबांचे जुने स्नेही. तू आणि मी दोघंही दहावीला, कारण काविळीत माझं एक वर्ष गेलं आणि धाकटी बहीण येऊन माझ्याच वर्गात बसली. बाबांनी मोठ्या कौतुकाने सरांना आपला खेळ सांगितला. सरांनी फळीकडे पाहिलं. ३०२, ३७६, ४२१. आपल्या दोघांच्या त्या दिवशी सगळ्या युक्त्या करून झाल्या होत्या. पहिलं अधिक तिसरं वजा दुसरं, तीनशे सत्तेचाळीस. सात नाही, अकरा नाही, तेरा नाही. तिन्हींची बेरीज एक हजार नव्व्याण्णव. तीन नाही, सदतीस नाही. सर म्हणाले, "मी ईस्टरला परत येतो. तोवर तुमच्यापैकी जो हा फोडेल त्याला जूनमध्ये नगरला घेऊन जाईन. माझ्या घरी एक खाट रिकामी आहे. कॉलेज मी बघतो." एक खाट. हे शब्द मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतात.

दुसऱ्या दिवसापासून मी दोनशे पानी वही घेतली. मूळ संख्या, म्हणजे ज्या स्वतः फुटत नाहीत त्या, क्रमाने लिहायच्या आणि एकेकीने भागायचं. सतरा, एकोणीस, तेवीस. शंभर ओलांडले, पाचशे ओलांडले, हजार ओलांडले. परीक्षेच्या काळातसुद्धा रोज दोन भागाकार. ईस्टरच्या आधी मी अकराशेपर्यंत पोचलो होतो, एकशे चौऱ्याऐंशी भागाकार झाले होते, आणि मी ठरवून टाकलं होतं की आकडा फुटतच नाही. मूळ संख्याच आहे म्हणून सरांना ठणकावून सांगायचं. अजून अठराशेवर भागाकार बाकी होते हे मला तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तू बाबांबरोबर फळी पुसायला गेलीस. बाबा घंटेची दोरी बदलत होते. तू मला हाक मारलीस. फळी पालथी घालून तिच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतंस, ते मी आता समोर ठेवून उतरवतो:

१७३८९ चा वर्ग – ३० चा वर्ग
= १७३५९ × १७४१९

बस. एक ओळ आणि तिच्याखाली दुसरी. मी म्हणालो, "हे कुठनं आणलंस?" तू म्हणालीस, "आनलं न्हाई, केलं. तू खालनं भागत बसलास. मी वर्गमूळ काडलं. सतरा हजार तीनशे अठ्ठ्याऐंशी आन वर थोडं. म्हंजी एकोननव्वदचा वर्ग आपल्या आकड्यापेक्षा कितीनं मोटा? नऊशेनं. नऊशे म्हंजी तीसचा वर्ग. गुर्जींनी न्हाई का शिकवलं, दोन वर्गांची वजाबाकी झाली की लगेच फुटतंय?"

शिकवलं होतं. मलाही शिकवलं होतं. त्याच बाकावर बसून ऐकलं होतं.

मग तू हसून काय म्हणालीस तेही आठवतंय. "ह्यो आकडा म्हंजी आपलं देऊळच हाय बग दादा. ह्ये एक बाप्यांकडचं बाक, ह्ये एक बायांकडचं. मदनं वाट. दोगंबी वाटंपासनं तीस-तीस पावलांवर. आन दोगंबी फुटायचे न्हाईत." मी ते दोन आकडे पुढे कितीदा तपासले. खरंच फुटत नाहीत. मूळ संख्या आहेत दोन्ही.

आपल्या देवळात तेव्हा उपासनेत बायकांनी उभं राहून बोलायची रीत नव्हती. म्हणून आपल्यात ठरलं. सर विचारतील तेव्हा मी उभं राहायचं, दोन्ही आकडे सांगायचे आणि म्हणायचं, कृपाने फोडला. तू मला तीनदा म्हणून दाखवायला लावलंस. मी तीनदा म्हटलं.

ईस्टरच्या रविवारी आशीर्वादाआधी सर उठले आणि म्हणाले, "काय, कोणी फोडला का?" मी वाटेपलीकडे पाहिलं. तू गीतांच्या पुस्तकावर तीन बोटं उभी धरली होतीस, तीसमधली तीन. नवी वेणी, पांढरा झगा. मी उभा राहिलो. दोन्ही आकडे बिनचूक सांगितले. सरांनी कागदावर गुणाकार केला. मग त्यांनी वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की तसा चेहरा माझ्यासाठी कुणी केलेला मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "तू फोडलास?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

एवढंच. एक अक्षर. त्याआधी मी बाबांकडे पाहिलं होतं. ते घंटेच्या दोरीपाशी उभे होते आणि डोळे पुसत होते. मला तेवढा बहाणा पुरला. काविळीने मागे पडलेला मुलगा, घरातला थोरला, वगैरे. कृपे, तसं काही नव्हतं. मला ती खाट हवी होती. आणि ज्या मुलीने एका ओळीत केलं ते मला एकशे चौऱ्याऐंशी भागाकारांत जमलं नाही, याचा राग होता. हे आज पहिल्यांदा लिहितोय आणि लिहिताना लाज वाटते आहे.

मी खाली बसलो. तुझ्याकडे पाहिलं नाही. कानाला हात लावला नाही.

तू कुणालाही काही बोलली नाहीस. आईलासुद्धा नाही. जूनमध्ये मी निघालो तेव्हा घोडेगावच्या फाट्यावर तू माझी भाकरीची शिदोरी घेऊन आली होतीस. एसटी आली तेव्हा म्हणालीस, "दादा, वरनं बगत जा. खालनं लई येळ लागतो." मला वाटलं, टोमणा मारतेय. नंतर कळलं की तू मला मदत करत होतीस. तिथे माझी फजिती होऊ नये म्हणून.

फजिती झालीच. सरांच्या घरी तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटीवर एक आकडा दिला. १,६२,३७३. छोटाच. मी लगेच तीन, सात, अकरा, तेरा करत बसलो. सर मागे उभे राहून बघत होते. चारशे तीनचा वर्ग घेऊन त्यातून छत्तीस वजा केले असते तर एका दमात फुटला असता, तुझ्या आकड्यासारखाच. म्हणून तर त्यांनी तो दिला होता. मी एकोणीसवर पोचलो तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "जेवायला चल." पुन्हा कधी असा आकडा दिला नाही. दोन वर्षं मला त्यांनी पोसलं, शिकवलं, एका शब्दाने विचारलं नाही. मी पुढे मास्तर झालो तेव्हा आशीर्वाद घ्यायला गेलो. ते फक्त म्हणाले, "तुझी बहीण काय करते रे?" मी म्हणालो, मिरजेला नर्सिंग शिकते. त्यांनी पुन्हा चष्मा काढला आणि पुसला. सर जाऊन आता वीस वर्षं झाली.

आणि बाबा. बाबांनी ती फळी पुढे तेवीस वर्षं दर शनिवारी पुसली. पुढून, कडेने, खिळ्यांच्या आजूबाजूला. मागची ती ओळ त्यांनी एकदाही पुसली नाही. मला आता वाटतं, त्यांना माहीत होतं. त्यांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, आणि दोघांनीही तुला नगरऐवजी मिरजेला पाठवलं.

नर्सचं काम कमी आहे असं मी म्हणत नाही. तू किती जणांना मरणाच्या दारातून ओढून आणलंस ते मला ठाऊक आहे. पण बारा-तेरा वर्षांपूर्वी नाताळला तू आली होतीस, माझा स्टॅनली वही घेऊन तुझ्याकडे आला, आत्या हे गणित सांग. तू पोळ्या लाटत होतीस. तू म्हणालीस, "मला आकडे येत नाहीत रे, तुझ्या पप्पांना विचार." मी दारात उभा होतो. तू मान वर केली नाहीस. त्या दिवशी मी स्टॅनलीला ते गणित समजावताना तीनदा चुकलो.

तीस तारखेला मी उभा राहणार आहे आणि खरं सांगणार आहे. तू आलीस तर तुझ्यासमोर, नाही आलीस तर तुझ्यामागे. या वेळी तीनदा म्हणून दाखवायला लावणारं कुणी नाही, म्हणून हे तुला लिहिलं.

तुझा,
शांतवन


सोनई
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

प्रिय कृपा,

सलाम.

तू आली नाहीस. बरं केलंस. जे झालं ते तुला बघवलं नसतं.

कार्यक्रम थाटात झाला. मांडव, मुलांची गाणी, तीनशे पानं जेवली. सरपंच ज्ञानेश्वरराव पाहुणे म्हणून आले होते. मी पाळकसाहेबांना एक विनंती केली होती, की शेवटची म्हणून त्या दिवशी फळी जागेवर टांगू द्या आणि आकडे मला लावू द्या. त्यांनी होकार दिला. शनिवारी मी एकटाच गेलो, बाबांसारखं फडकं घेऊन, आणि ३०२, ३७६, ४२१ लावले. टीव्हीवाल्या पोरांनीही तीच गीतं घेतली. मंडळी छान गायली.

मग माझं नाव पुकारलं. शाल खांद्यावर पडली. मी माईक घेतला आणि सरळ म्हणालो, "हा आकडा मी फोडलेला नाही. माझी बहीण कृपा हिने फोडला. त्या दिवशी मी इथेच उभा राहून खोटं बोललो, आणि तिची जागा मी घेतली." फळी खिळ्यावरून काढली आणि उलटी करून तुझी ओळ सगळ्यांना दाखवली.

आणि कृपे, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सरपंच उठून म्हणाले, "याला म्हणत्यात मोठेपणा! आपलं श्रेय बहिणीला देऊन टाकलं मास्तरांनी." पाळकसाहेबांनी माईक घेऊन नम्रतेवर पाच मिनिटं प्रार्थना केली. मी म्हणालो, अहो नम्रता नाही, खरं सांगतोय, हे अक्षर तिचं आहे बघा. तर पुढच्या बाकावरचे दोघे म्हणाले, "सर, वळण तुमचंच दिसतंय." असणारच. एकाच दौतीतून, एकाच गुरुजींकडे गिरवलेलं. मी बोलत राहिलो तसा माझा मोठेपणा वाढतच गेला. एकेचाळीस वर्षांपूर्वी खोटं बोललो ते एका अक्षरात सगळ्यांना पटलं, आणि आता खरं सांगायला इतके शब्द लागले तरी एकाला पटेना.

स्मरणिका आधीच छापून आली होती. पान सतरावर माझा फोटो आणि मथळा, "शांतवन सरांनी फोडलेला आकडा". तीनशे प्रती. लोक जेवून निघताना एकेक हातात घेऊन गेले.

घरी येऊन मी सिल्व्हियाला सगळं सांगितलं. तिला आजवर मी काही बोललो नव्हतो. तिने ऐकून घेतलं, गुडघा चोळत बसली, आणि म्हणाली, "पेन आहे ना तुमच्याकडे? मग?"

मग मी काय करतोय ते सांगतो, हसशील. चर्चमध्ये उरलेल्या अठ्ठ्याऐंशी प्रती होत्या. त्या सगळ्यांवर पान सतरा उघडून मथळ्यावर काट मारली आणि पेनाने लिहिलं, "हा आकडा कृपाने फोडला. मी खोटं बोललो. — शांतवन." उरल्या दोनशे बारा. त्या घरोघरी गेल्यात. सोमवारपासून रोज सकाळी मी निघतो. दार वाजवतो, स्मरणिका मागतो, लिहितो, वाचून दाखवतो, पुढच्या घरी जातो. लोकांना वाटतं मास्तरांना निवृत्तीनंतर काहीतरी झालंय. कालपर्यंत एकसष्ट झाल्या. खालून एकेक करत जाणं, मला तेवढंच येतं. पण या वेळी शेवटपर्यंत जाईन, अकराशेवर सोडून देणार नाही.

काल रंगुबाईच्या घरी गेलो. विहिरीजवळची रंगुबाई, तुझ्या शेजारी बसायची ती. आता ऐंशीच्या पुढे आहे, डोळ्यांना कमी दिसतं, वाचता तर कधीच येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. वाटलं, ही पण म्हणेल, सर तुमचा मोठेपणा. तिने पदराने हात पुसले आणि म्हणाली, "मला म्हाईत हाय की."

मी विचारलं, काय माहीत आहे?

"आवं, मी तिच्याच बाजूला हुते न्हवं. लेकरू तीन बोटं धरून बसलं हुतं. तुमी हुबं ऱ्हायला, बोलला, खाली बसला. सायेबांनी आशीर्वाद दिला. समदी बाहीर पडली. तरी तिची बोटं तशीच. मी म्हनलं, कृपा, चल गं, काय धरून बसलीस? तर म्हनली, दादा कानाला हात लावंल आत्ता. मंग खाली घीन." रंगुबाईने माझ्याकडे बोट केलं. "तुमी तवर भायेर त्या नगरच्या सरांसंगं फोटू काडीत हुता. मला काय कळना, ह्या पोरांचं काय चाललंय. शेवटी म्याच तिचा हात धरून खाली केला. लई गार पडला हुता."

ती पुढेही काही म्हणाली, तुला सलाम सांग वगैरे. मी नीट ऐकलं नाही. मी तिच्या ओट्यावर बसून रडलो, अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, शेजारच्या दारातल्या पोरी बघायला लागेपर्यंत.

कृपे, मी तुझ्याकडे क्षमा मागायची म्हणून पत्रं लिहायला घेतली होती. आता ते राहू दे. ते तुझं तू बघ, आत्ता किंवा कधीच नाही. फळी मी नगरच्या डेपोतून पार्सलने मिरजेला पाठवतोय. टिनाचे आकडे वेगळ्या डब्यात घातलेत, सहा थोडा वाकलाय. तुझ्या ओळीखाली मी शाईने फक्त तुझं नाव, इयत्ता दहावी आणि साल घातलंय. बाकी हात लावला नाही. भिंतीला लाव, नाहीतर माळ्यावर टाक. वाटलं तर तुझ्या नातीला विचार, ३०२, ३७६, ४२१ कशाने फुटतो. ती खालून भागायला लागली तर तिला सांग, वरून बघ.

आज सकाळी पार्सल बांधायच्या आधी फळी इथे भिंतीला टेकवून ठेवली, पुढची बाजू माझ्याकडे. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो, पुरुषांच्या बाकावर बसायचो तसा. वाटेपलीकडे बघितलं. तिकडे सिल्व्हियाचं पापडाचं पातेलं होतं. तरी मी तुझ्याकडे बघितलं आणि उजव्या कानाला हात लावला. चांगला धरून ठेवला, सिल्व्हिया येऊन काय झालं विचारेपर्यंत.

आता बोटं खाली घे, बाळ.

हरलेला,
शांतवन